पुढे राग, मागे माहिती

आईला पुन्हा सरळ उभं राहता येईल का, हा एकच प्रश्न मागचे चार महिने आमच्या घरात होता. त्यातले दोन महिने माझ्यामुळे फुकट गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी हॉस्पिटलांबद्दल जे बोलणार आहे ते वाचताना मला कोणी धुतल्या तांदळासारखी समजू नये.

मी पत्रकं लिहिते. पोटापाण्यासाठी एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पत्ते भरते, पण कोणी विचारलं काय करतेस तर मी पत्रकांचंच सांगते. पनवेलमध्ये आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. रुग्णांना त्यांचे कागद मिळावेत, त्यांच्याशी कोणी नीट बोलावं, एवढंच आमचं मागणं. बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासच्या खोलीत बसतो. गटातले सर हे निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षं पत्रकं काढलेला माणूस. मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा मला निबंध लिहिता येत होता. सरांनी सहा महिन्यांत तो मोडून काढला आणि पत्रक शिकवलं.

त्यांचे नियम सोपे होते. एकच कागद, पाठपोट छापलेला. पुढे राग, मागे माहिती. माणूस माहितीसाठी कागद हातात धरत नाही, रागाने धरतो. एकदा धरला की उलटून बघतोच. पुढच्या बाजूला एक माणूस, एक अन्याय, ठळक अक्षरं. 'काही वेळा', 'बहुधा', 'सर्वच नव्हे' असले शब्द पुढच्या बाजूला दिसले की सर लाल पेनाने गोल करायचे आणि म्हणायचे, याला बसायला खुर्ची मागे ठेवली आहे. आम्ही हसायचो. सहा वर्षं मी हे असंच केलं आणि ते चाललंही. एसटी स्टँडवर मी वाटलेलं पत्रक लोक जमिनीवर टाकत नाहीत, याचा मला माज होता.

गेल्या पावसाळ्यानंतर नेऱ्याच्या काकू आमच्याकडे आल्या. नवरा-बायको दोघं नेऱ्याच्या बाजूला मुंबईवाल्यांचं एक फार्महाउस सांभाळतात. काकू साठीच्या पुढच्या. पाण्याची बादली उचलताना पाठीत कट् झालं आणि मणका दबला. हाडं ठिसूळ झाली की दबायला बादलीही पुरते. इकडच्या एका हॉस्पिटलात त्यांना सांगितलं, सुईने मणक्यात सिमेंट भरू, अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. घरी गेल्या त्या उजवं पाऊल फरफटत. मणक्यात भरलेलं सिमेंट मागच्या भेगेतून बाहेर आलं होतं आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसलं होतं.

मला संताप कशाचा आला ते सांगते. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यावर काकूंचा अंगठा होता. डिस्चार्जच्या कागदावर सिमेंट गळल्याचा एक शब्द नव्हता. फिल्म मागितली तर म्हणाले मशीन बिघडलंय. आम्ही चौघं जाऊन रिसेप्शनसमोर बसलो तेव्हा मशीन तासाभरात सुधारलं. फिल्ममध्ये मणक्याच्या मागे पांढरी शेपटी होती, मलासुद्धा दिसली. त्या डॉक्टरांना ती दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही, अजूनही नाही. पुढे जे झालं त्याने त्यांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही.

पण पत्रकाला मागची बाजू लागते. म्हणून मी नवीन पनवेलमधल्या एका मणक्याच्या डॉक्टरबाईंकडे गेले. पन्नाशीच्या, बोलायला तुसड्या. टेबलावर प्लास्टिकचा मणका होता आणि त्याच्या शेजारी पांढरा, बोटांचे ठसे उमटलेला एक खडा. तो उरलेल्या सिमेंटचा होता. पावडर आणि द्राव मिसळले की सुरुवातीला ताकासारखं पातळ असतं, म्हणाल्या. मग टूथपेस्टसारखं होतं, मग कणकेसारखं, मग दगड. हे सगळं काही मिनिटांत. पातळ असताना ढकललं की सुईतून सहज जातं, हाताला जोर लागत नाही, आणि तीच लबाडी आहे. पातळ माल वाट दिसेल तिकडे जातो. भेग असेल तर भेगेतून, शीर असेल तर शिरेतून, पार फुप्फुसापर्यंत. म्हणून थांबायचं. घट्ट झाल्यावर थोडं थोडं ढकलायचं, बाजूने पडद्यावर बघत, आणि मणक्याच्या मागच्या भिंतीकडे सरकायला लागलं की हात काढायचा, मणका भरो न भरो. उरलेला गोळा हातात धरून बसायचं. तो हातात तापून कडक झाला की आतलाही झाला.

शेवटी त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. थोडंफार गळणं बऱ्याचदा होतं आणि बऱ्याचदा त्याने काही होत नाही. घाबरायचं ते घाईने आणि लपवाछपवीने केलेल्या कामाला. छापण्याआधी मला दाखवा, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि दाखवलं नाही. डॉक्टरला पत्रक दाखवायचं नाही, हाही सरांचा एक नियम.

पुढच्या बाजूला काकूंच्या पट्टा बांधलेल्या पावलाचा फोटो लावला आणि वर मथळा दिला: 'पाठ धरून गेलात? सिमेंट भरतील, पाय काढून घेतील.' मथळा माझा. सरांनी खांद्यावर थाप मारली. मागच्या बाजूला डॉक्टरला विचारायचे पाच प्रश्न: आणखी किती दिवस सिमेंटशिवाय थांबता येईल, मागची भिंत शाबूत आहे का ते तपासलं का, भरताना बाजूने बघणार का, घट्ट होईपर्यंत थांबणार का, आणि गळलं तर आम्हाला सांगणार का. 'थोडंफार गळणं' वालं वाक्य बसेना. अक्षर बारीक केलं, तरी बसेना. मग काढलं.

छापखान्यातून पत्रकं सपाट येतात. त्यांची घडी घालायचं काम आमच्या घरी होतं, म्हणजे आई करते. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. जेवणं झाली की ती भिंतीला टेकून जमिनीवर बसते, गठ्ठा मांडीवर घेते आणि अंगठ्याच्या नखाने एकेक घडी दाबते. पुढची बाजू बाहेर. हजारभर घड्या तिने त्या आठवड्यात घातल्या. आई चौथी शिकलेली, ओठ हलवत वाचते. मथळा तिने हजार वेळा वाचला असणार.

आणि लोकांनी काय केलं? फोटो काढला. पुढच्या बाजूचा. कागदाला दोन बाजू असतात, व्हॉट्सअपला एकच. आठवड्यात तो फोटो उरणपर्यंत गेला आणि मलाच तीन ठिकाणांहून परत आला, 'आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा' असं लिहून. मी खूश होते.

आई डिसेंबरात पडली. पडली म्हणजे पडलीसुद्धा नाही. ओवे गावात माहेरी गेली होती, परत येताना रिक्षा स्पीडब्रेकरवर आदळली. रिक्षातून उतरताना तिने माझा हात जो धरला तो जिना चढेपर्यंत सोडला नाही. मी तिला डॉक्टरबाईंकडेच नेलं, कारण मला दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता. एक्स-रेत एक मणका पुढून थोडा दबलेला. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता: पिशवी कधी काढली?

आई म्हणाली, छत्तीसाव्या वर्षी. अंगावरून फार जायचं, गावातल्या चार बायकांनी काढली होती, हिनेही काढली. अंडाशयंही काढली का, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. कागद नव्हता. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ती काढली असतील तर हाडं पंचवीस वर्षं झिजतायत, म्हणाल्या, आणि त्या वेळी कोणी गोळ्या दिल्या नसणार. नव्हत्या दिल्या. पिशवी काढणारा डॉक्टर कधीच वारला. यावरचं पत्रक मी डोक्यात तिथेच बसून लिहायला लागले होते. माझी सवय सांगते आहे.

तेव्हा त्यांनी सिमेंटचं नाव काढलं नाही. पट्टा, गोळ्या, हाडांसाठी इंजेक्शन, तीन आठवडे थांबा, बरेच मणके असेच भरून येतात. आईचा आला नाही. तीन आठवड्यांनंतरही तिला कूस बदलायला माझे दोन हात लागत होते, ओंडका वळवावा तसं एका दमात. संडासला जायचं तर भिंत धरून. एमआरआयमध्ये हाड अजून ओलं, सांधलेलं नाही. आता भरावं, डॉक्टरबाई म्हणाल्या. मागची भिंत चांगली आहे, ही वेळ बरी आहे, फार लांबवू नका.

आई म्हणाली नाही. मग माझ्याकडे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या की तुमचं पत्रक मोबाइलवर घेऊन माझ्याकडे तीन बायका आल्या, तिघी उठून गेल्या. एवढंच बोलल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर मी आईला समजवायला बसले. भाषण देता येतं मला. कट्ट्यावर, गेटवर, माइक नसतानाही. आईने सगळं ऐकून घेतलं.

"तूच लिवलास ना त्यो कागद?"

मी म्हटलं, हो.

"खरा हाय का खोटा?"

"खरा आहे."

"मंग मी कशाला जाऊ?"

मी पत्रक उलटून तिच्यासमोर धरलं. म्हटलं, मागे बघ, घट्ट झाल्यावर भरलं, बघत बघत भरलं तर धोका कमी होतो, ते विचारून घ्यायचं असतं. तिने कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"लोकांनी वाचू नये असा जा असतं, त्याच बारीक लिवतात. विम्याचे कागदावर बघ."

मी कागद तिच्या हातातून घेतला. मग ती म्हणाली, "लोकांचे आयशींना नको सांगाचा, न तुझे आयशीला हो?"

आई खोचून बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी माझ्या शब्दाला जागत नाही आहे, आणि तिच्या दुखण्यापायी मला तसं करावं लागू नये. गावात माझी जी काही इज्जत आहे ती तिने हजार हजार घड्या घालून उभी केलेली. ती मोडून तिला पाठ नको होती.

मी सरांकडे गेले. म्हटलं, दुसरं पत्रक काढू या, त्यात लिहू की सिमेंट वाईट नाही, घाई वाईट. सर चिडले नाहीत. त्यांनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "यात एक शब्द खोटा दाखव." मी दोनदा वाचलं. एकही नव्हता. काकूंचा पाय खरा, सिमेंट खरं, अंगठा खरा. त्यांनी पुढे विचारलं की हॉस्पिटलवाले आपण कधी मागे घेतोय याचीच वाट बघत असतील, त्यांच्या हातात हे द्यायचं का? आणि आईचं मला वाईट वाटतं, म्हणाले, पण आईसाठी धोरण बदलत नाही आपण. मला पटलं, हेच वाईट आहे. मी खाली मान घालून घरी आले. त्या दिवशी मी भांडायला हवं होतं.

मग दोन महिने. त्यांचं काय सांगू? सकाळी तिला आंघोळ घालून मी ऑफिसला जायचे. दुपारी शेजारची बाई डोकावायची. आईला खाली बसता येईना, ओट्यापाशी पाच मिनिटांवर उभं राहता येईना. भाकरी थापायची तिची परात मी वर ठेवून दिली, कारण ती दिसली की तिला रडू यायचं आणि ते ती मसाल्याच्या ठसक्यावर ढकलायची. दुखणं कमी आहे का विचारलं की कमी हाय म्हणायची. मी खरं मानायचे. कोणत्याही पेशंटच्या अशा उत्तरावर मी विश्वास ठेवला नसता. हळूहळू तिची पाठ पुढे वाकत होती आणि मी रोज बघत असल्यामुळे मला दिसत नव्हती. दिसली ती काकूंना.

नेऱ्याच्या काकूंना कुठून तरी कळलं. एका रविवारी त्या पाऊल ओढत जिना चढून आल्या. हातात पिशवीभर वालाच्या शेंगा. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या, पण आईने त्यांचं पाऊल फोटोत इतक्यांदा पाहिलं होतं की तिने आधी तिकडेच बघितलं. काकूंनी आधी आईची पाठ बघितली. शेंगा सोलत बसल्या. आई खाटेवर आडवी, काकू खुर्चीवर, मी चहा करत होते. गुरांचं झालं, सुनांचं झालं, फार्महाउसवाल्यांच्या कुत्र्याला एसी आहे हेही झालं. आई पोट धरून हसली आणि कळ आली म्हणून थांबली. मग काकूंनी विचारलं की सिमेंट का नाय भरत.

आईने त्यांच्या पावलाकडे हात केला.

"त्यो पाय गेला तो त्याच्या घाईनं गेला," काकू म्हणाल्या. "रांगेत दोघी बायका झोपवून ठेवल्यान. माज्यात गडबडीत भरलान. पन पाठ? पाठ दुसरे दिवशी गप झाली, बाय. मी गुरांसाठी घास काढतंय."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, काकू, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

"तू पायाचा इचारलास. पाठीचा कुनी इचारला?"

खरं होतं. माझ्या वहीत अजून आहे. चार पानं पायाबद्दल. पाठ बरी झाली का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. कारण उत्तर हो आलं असतं तर त्याला बसायला खुर्ची मागच्या बाजूलाही नव्हती. काकूंच्या आवाजात राग नव्हता. शेंगांची सालं पदरात गोळा करत म्हणाल्या, पुन्हा दुसरा मणका बसला तर पुन्हा भरीन, फक्त त्याच्याकडं नाय, आन रांगेत एकटी असंल तवाच. आईने पुन्हा एकदा त्यांच्या पावलाकडे बघितलं. मग मला म्हणाली, बोलव तुजे डाक्तरनीला.

नव्या सीटीत मणका पाचरीसारखा झाला होता, पुढून जवळजवळ सपाट. मागची भिंत, जी दोन महिन्यांपूर्वी शाबूत होती, ती तडकली होती. डॉक्टरबाईंनी ते तड्याच्या रेघेवर पेनाचं टोक ठेवून दाखवलं, माझ्याकडे न बघता. आता गळायचा धोका आधीपेक्षा जास्त. म्हणून अगदी कमी भरणार, फक्त पुढच्या भागात, नेहमीपेक्षा घट्ट झाल्यावर. आधी थेंबभर सोडून थांबणार, तो आत बसून भेगेच्या तोंडाशी घट्ट झाला की मग उरलेलं. पाठ उचलली जाणार नाही, वाक आला तो आला. दुखणं कमी होईल अशी आशा आहे, म्हणाल्या, वचन नाही. मोठं ऑपरेशन करून स्क्रू लावता येतील, पण हे हाड स्क्रू धरणार नाही.

फॉर्म मराठीत होता. त्यांनी तो आईला वाचून दाखवला, प्रत्येक ओळीवर थांबत. मग मी पत्रकाच्या मागचे माझे पाच प्रश्न काढले. पहिल्या चारांची उत्तरं मिळालीच होती. पाचवा विचारला: गळलं तर आम्हाला सांगाल?

"सांगेन," त्या म्हणाल्या. "गळलं आणि तिला काहीच झालं नाही, तर तुम्ही ते लिहाल?"

मी फॉर्मवर साक्षीदाराच्या जागी सही केली.

आतलं मला आईकडून कळलं. पालथं झोपवलं, पाठ बधिर केली, पण ती जागी होती. मधे मधे पायाची बोटं हलव म्हणायचे, ही हलवायची. मग सगळे अचानक गप्प झाले. तिला वाटलं लाइट गेली. मान थोडी वळवली तर डॉक्टरबाई हातमोज्यात पांढरा गोळा घेऊन, लाडू वळायला घ्यावा तसा दाबत, घड्याळाकडे बघत उभ्या. कोणीतरी विचारलं भरायचं का, तर म्हणाल्या थांब. पुन्हा विचारलं, पुन्हा थांब. "माजे पाठीत सुई खुपसून ही बाई टायम बघतंय," आई मला नंतर सांगत होती, "मना वाटला इसरली." हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मला ते ऐकवत नव्हतं. एवढंच करायचं होतं. थांबायचं होतं, योग्य जागी. मी नको त्या जागी दोन महिने थांबवून ठेवलं.

दुपारी डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि फिल्म खिडकीला धरली. थोडं गळलंय, म्हणाल्या. मागे नाही, मणक्यावरच्या गादीत, हा ठिपका. पायाला काही नाही. शेजारच्या मणक्यावर जरा भार येऊ शकतो, लक्ष ठेवू. डिस्चार्जच्या कागदावर त्यांनी ते लिहिलं, ठिपका कुठे आहे ते चित्र काढून. मी तो कागद घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा लावून वाचला, म्हणाले, चांगली बाई आहे, आणि विचारलं की पत्रक याच्यावर कसं काढणार, यात राग कुठे आहे? मी त्यांच्याकडे आता जात नाही. गट सोडलेला नाही, काकूंची तक्रार चालू आहे आणि ती मी शेवटपर्यंत लावून धरणार आहे. पण त्या खोलीत मला बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी आई उठून बसली. तिसऱ्या दिवशी कूस माझ्याशिवाय बदलली. दुखणं होतं त्याच्या पावभर राहिलं, तिच्याच भाषेत. उभी राहिली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्याला आलं. आधी कानाला यायचं.

दीड महिन्याने दाखवायला गेलो. डॉक्टरबाई फाइल भरत होत्या. कधी दबला, कधी भरला, मधे किती दिवस. मग त्यांनी रकान्यावर पेन ठेवून विचारलं, उशीर का झाला? विचारलं आईला, पण नजर माझ्याकडे होती. त्यांना माहीत होतं. पेन रकान्यावरच थांबलं होतं.

आई माझ्याआधी बोलली.

"मीच भ्याले. पोरीनं लय सांगितला, मागं लागली, मीच नाय बोलले. माजाच डोका फिरलावता."

डॉक्टरबाईंनी वाट पाहिली. घाई करणारी बाई नव्हेच ती. मी दवाखान्यांच्या गेटवर उभी राहून ओरडलेली आहे, डीनच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटलेला आहे. मला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यामुळे. मी आईच्या पिशवीचे बंद सारखे करत राहिले. मग डॉक्टरबाईंनी लिहिलं. उलटं असलं तरी मला वाचता आलं: रुग्णाची तयारी नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आईने माझा दंड धरला.

"गप ऱ्हायलीस ता बरा केलास," ती म्हणाली. "तुजा नाव कशाला लागाया पायजे त्याच्यात?"

 ती माझा हात सोडून दाराकडे चालायला लागली, एका हाताने भिंत चाचपत. समोर बघायचं असेल तर तिला आता थांबून मान वर करावी लागते. ती थांबली नाही.